किप रिकामे होते

सप्टेंबरमधली गोष्ट. बारावीच्या सॉल्ट ॲनालिसिसची सराव परीक्षा होती. बाटल्यांवर फक्त नंबर होते आणि माझ्या वाट्याला सात नंबरची बाटली आली. आदल्या रात्री प्रेप संपल्यावर हाउसमध्ये एक चिठ्ठी फिरली होती. तिच्यात सात नंबरसमोर लिहिले होते : झिंक सल्फेट. अशा चिठ्ठ्या सीनिअर्सकडून ज्युनिअर्सकडे येतात. पहिली कोणी लिहिली, हे कोणी विचारत नाही.

मी बाटलीतले पांढरे स्फटिक पाहिले आणि मनातल्या मनात हसलो. बेरियम क्लोराइड घालून सल्फेटची परीक्षा तेवढी खरोखर केली. बाकीचे कागदावर केले. पहिला ग्रुप नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. चौथ्या ग्रुपमध्ये हायड्रोजन सल्फाइड वायू सोडल्यावर पांढरा अवक्षेप मिळाला. म्हणून झिंक. अक्षर चांगले होते, रकाने सरळ होते, वेळेआधी पंधरा मिनिटे पेपर दिला.

पेपर परत मिळाले तेव्हा मला आठपैकी दोन होते. शेजारच्या टेबलावरच्या कॅडेटने तर सॉल्टचे नावच लिहिले नव्हते, आणि त्याला पाच. मी उभा राहिलो आणि विचारले, "सर, माझं उत्तर बरोबर आहे ना?"

"उत्तर बरोबर आहे," सर म्हणाले. "वायू कुठून आणलास? त्या दिवशी किप रिकामं होतं."

ज्यांनी हे उपकरण पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. किप म्हणजे एकावर एक बसवलेले काचेचे तीन फुगे. मधल्या फुग्यात आयर्न सल्फाइडचे खडे असतात, वरून सौम्य आम्ल उतरते, आणि तोटी उघडली की हायड्रोजन सल्फाइड बाहेर येतो. कुजक्या अंड्यांचा वास तो हाच. दुसऱ्या ग्रुपला हा वायू लागतो, चौथ्यालाही लागतो. त्या दिवशी खडे संपले होते. सरांनी ते मुद्दाम भरले नव्हते की स्टोअरमधून खरेच आले नव्हते, यावर आमच्या हाउसमध्ये अजून वाद चालतो. शेजारच्या कॅडेटने वायू मागितला होता, मिळाला नव्हता. म्हणून त्याने लिहिले होते : "क्लोराइड आढळले. अमोनियम आढळले नाही. तिसऱ्या ग्रुपचा अवक्षेप आला नाही. वायू उपलब्ध नसल्याने दुसरा व चौथा ग्रुप तपासता आला नाही." त्याखाली सही. बस्स.

माझा राग लगेच गेला नाही. वर्ग सुटल्यावर मी पुन्हा सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे एकच प्रश्न विचारला. "उद्या तुला पुढे पाठवलं, नदीवरचा पूल बघून ये म्हणून. तू अर्ध्या वाटेतून परत आलास आणि लिहिलंस, पूल शाबूत आहे. नंतर पूल खरंच शाबूत निघाला. मग तुला शाबासकी द्यायची का?"

या प्रश्नाला मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. आज हा लेख लिहितो आहे, तो त्याचे उत्तर म्हणून. माझे मत असे की आपल्या सैनिकी शाळांत रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक ही खरा अहवाल लिहायला शिकण्याची सगळ्यात चांगली जागा आहे, आणि नेमकी तीच जागा आपण खोटा अहवाल लिहिण्याच्या सरावासाठी वापरतो.

मित्रांनो, आपापली जर्नल्स उघडून बघा. कॅल्शियमच्या ज्योत परीक्षेसमोर प्रत्येकाने लिहिले आहे : विटकरी लाल. स्ट्रॉन्शियमसमोर किरमिजी लाल. बेरियमसमोर सफरचंदी हिरवा. आता खरे सांगा, प्लॅटिनमची तार ज्योतीत धरल्यावर पहिल्यांदा काय दिसले होते? बहुतेकांना पिवळा रंग दिसला असणार. तो सोडियमचा. आपल्या बोटांच्या घामातले मीठ त्याला पुरते. तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून पुन्हा पुन्हा तापवली, ज्योतीला स्वतःचा रंग उरला नाही, की मगच सॉल्टचा रंग खरा दिसतो. ही सगळी धडपड आपण केलेली असते किंवा नसते, पण जर्नलमध्ये ती कुठेच नाही. पिवळा रंग एकाही जर्नलमध्ये नाही. पुस्तकाला जे दिसले तेच आपल्या सगळ्यांना दिसले!

वायूंचेही तसेच. सौम्य आम्ल टाकल्यावर बुडबुडे आले, वायू चुन्याच्या निवळीत सोडला, निवळी दुधाळ झाली, की आपण लिहून टाकतो : कार्बोनेट. पण सल्फाइटमधून निघणारा सल्फर डायऑक्साइडदेखील निवळी दुधाळ करतो. फरक कळायला आम्लयुक्त डायक्रोमेटचा कागद धरावा लागतो. तो नारिंगीचा हिरवा झाला तर सल्फर डायऑक्साइड, तसाच राहिला तर आपले पहिले अनुमान टिकले. तीव्र सल्फ्युरिक आम्लाने तपकिरी वायू निघाला तर तो नायट्रेटचा असेल किंवा ब्रोमाइडचा. पांढरा अवक्षेप कॉस्टिक सोड्यात विरघळला तर झिंक असेल किंवा ॲल्युमिनियम. सॉल्ट ॲनालिसिसची सारी रचनाच अशी आहे : एक खूण दिसली म्हणून थांबायचे नाही, तिला खोटे पाडण्याची संधी दुसऱ्या परीक्षेला द्यायची. उत्तर आधी माहीत असले की ही दुसरी परीक्षा कोणी करत नाही. करणार कशाला?

नाकावरचा भरवसाही येथेच तपासून घ्यायला मिळतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की वास लगेच येतो. तोच हवेत दशलक्षांत शंभर भागांच्या आसपास पोहोचला की नाकाची जाणीवच बधिर होते आणि वास थांबतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, असे समजणारा माणूस मॅनहोलमध्ये किंवा बंद टाकीत उतरून जीव गमावू शकतो. म्हणून तर शिसे ॲसिटेटचा कागद वापरायचा. तो काळा पडतो. बधिर होत नाही. आपल्यातले काही जण उद्या जहाजांच्या आणि इंजिनांच्या खोल्यांत काम करतील. त्यांच्यासाठी हा प्रश्न दोन गुणांच्या पलीकडचा आहे.

कोणी म्हणेल, आम्ही काही शोध लावणार नाही. सॉल्ट ठरावीक, यादी ठरावीक, मग पुस्तकातले लिहिले तर बिघडले काय? यावर दोन गोष्टी सांगतो.

पहिली कलकत्त्याची. प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय पाऱ्यावर थंड, सौम्य नायट्रिक आम्लाची क्रिया करून मर्क्युरस नायट्रेट तयार करत होते. भांड्यात अनपेक्षितपणे पिवळे स्फटिक जमले. ते त्यांना ओतून देता आले असते. त्यांनी ते वेगळे काढले, त्यांचे विश्लेषण केले, आणि ते मर्क्युरस नायट्राइट निघाले. १८९६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि पुढची कितीतरी वर्षे नायट्राइट संयुगांवर काम केले. सुरुवात कुठून झाली? जे दिसायला नको होते ते दिसले, आणि माणसाने ते दिसले असे मान्य केले.

दुसरी गोष्ट वायूची. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून काढलेल्या एक लिटर नायट्रोजनचे वजन १.२५७ ग्रॅम भरले, रासायनिक संयुगांपासून बनवलेल्याचे १.२५१ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपण काय केले असते ते मला पक्के माहीत आहे. दोन्ही १.२५ लिहून मोकळे झालो असतो, आणि 'प्रायोगिक त्रुटी' हे शब्द शेवटी जोडले असते. रॅले यांनी १८९२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाला पत्र लिहून वाचकांनाच विचारले की हा फरक का येतो. विल्यम रॅमसे त्या कामात आले आणि १८९४ मध्ये आर्गॉन जाहीर झाला. हवेचा जवळजवळ एक टक्का भाग असलेला हा वायू तोवर कोणाला ओळखू आला नव्हता. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याहून मला आवडलेली गोष्ट अशी की हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्येच हवेतला नायट्रोजन संपवत नेल्यावर एक लहान बुडबुडा शिल्लक राहतो असे पाहिले होते. तो काय आहे हे त्यांना सांगता आले नाही. पण तो मूळ वायूच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नाही, एवढे त्यांनी लिहून ठेवले. तो बुडबुडा शंभरहून अधिक वर्षे कागदावर वाट पाहत राहिला. शेजारच्या कॅडेटचे "तपासता आला नाही" हे वाक्य मी आता वाचतो तेव्हा मला तो बुडबुडा आठवतो.

आता आपल्या वाटेवरची गोष्ट. रासायनिक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९९७ मध्ये अमलात आला. भारत त्याचा सदस्य आहे आणि आपल्याकडचा जाहीर केलेला साठा आपण २००९ पर्यंत नष्ट केला. कुठे संशयास्पद नमुना मिळाला तर तो तपासण्यासाठी जगातल्या निवडक प्रयोगशाळांना मान्यता दिली जाते. आपल्या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने अशी मान्यता मिळवलेली आहे. या प्रयोगशाळांनाही परीक्षा असते. त्यांना नमुने पाठवतात आणि त्यांत काय आहे ते सांगत नाहीत. तिथला सर्वांत कडक नियम आपल्या उपयोगाचा आहे : नमुन्यात नसलेले रसायन 'सापडले' असे लिहिले, तर प्रयोगशाळा त्या परीक्षेत नापास. कारण उघड आहे. अशा एका खोट्या 'सापडले'मुळे एखाद्या देशावर आरोप होऊ शकतो, सैन्य हलू शकते. मी माझ्या पेपरात न पाहिलेला अवक्षेप लिहिला. तिथे असतो तर माझी पूर्ण प्रयोगशाळा बाद झाली असती, आणि तेही उत्तर बरोबर असताना.

हे सगळे मला सरांच्या प्रश्नाने अर्धे कळले. उरलेले अर्धे दिवाळीच्या सुट्टीत, घरच्या स्वयंपाकघरात कळले.

आईने गुलाबजामसाठी खवा आणला होता. म्हणाली, "एवढी केमिस्ट्री शिकतोस ना, मग सांग बघू, यात काही मिसळलंय का." खव्यात पिठाची भेसळ असते हे तिने ऐकले होते. मी ऐटीत थोडा खवा पाण्यात उकळला, औषधांच्या डब्यातले टिंचर आयोडीन काढले आणि दोन थेंब टाकले. निळे झाले नाही. "शुद्ध आहे," मी म्हणालो. आई खवा मळायला घेणार, तेवढ्यात मला किप आठवले. मी नक्की काय पाहिले होते? खवा शुद्ध आहे, हे मी पाहिले नव्हते. गरम पाण्यात निळा रंग आला नाही, एवढेच पाहिले होते. आणि गरम असताना स्टार्च-आयोडीनचा निळा रंग दिसत नाही, हे मी स्वतःच परीक्षेत लिहिलेले होते. मी वाटी तशीच ठेवली. पाणी निवले, पुन्हा दोन थेंब टाकले. वाटीत हळूहळू निळसर काळा रंग उतरला.

आईने खवा परत केला. दुकानदाराशी काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. त्या दिवाळीला गुलाबजाम झाले नाहीत. पण आईने माझ्या "शुद्ध आहे" या दोन शब्दांवर किती सहज विश्वास ठेवला होता, ते मी विसरू शकत नाही. तिने जर्नल मागितले नव्हते. ज्याच्या अहवालावर विश्वास ठेवतात त्याला फार जपून बोलावे लागते.

दोष केवळ कॅडेट्सचा आहे असे माझे म्हणणे नाही. बोर्डाच्या बारावीच्या प्रात्यक्षिकाला ३० गुण, त्यातले ८ सॉल्ट ॲनालिसिसला. वेळ मोजका, प्रयोगशाळेत गर्दी, आणि सॉल्टचे नाव चुकले तर बहुतेक गुण गेले अशी प्रत्येकाच्या मनात भीती. ज्या परीक्षेत नावाला मोल आणि निरीक्षणाला मोल नाही, तिथे चिठ्ठ्या फिरणारच. शिवाय असेही ऐकू येते की आता यंत्रे काही मिनिटांत घटक सांगतात, मग एकोणिसाव्या शतकातल्या परीक्षानळ्या कशाला? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. झिंक ओळखण्यासाठी कोणी आपल्याला पुढे नोकरीवर ठेवणार नाही, हे खरे. पण यंत्राने दिलेला आकडाही शेवटी माणूसच अहवालात उतरवतो, आणि त्या यंत्रात आधी कोरा नमुना घालून पाहिला होता का, हे त्यालाच सांगावे लागते. ती सवय लावायला परीक्षानळी स्वस्त आहे. येथे चुकले तर फक्त गुण जातात.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. बोर्डाची परीक्षा आपण बदलू शकत नाही, पण शाळेतल्या सराव परीक्षा आपल्या हातात आहेत.

एक, आठ गुणांतले पाच निरीक्षणांना आणि तीन उत्तराला द्यावेत. "आढळले नाही" आणि "तपासता आले नाही" ही कारणासह लिहिलेली वाक्ये पूर्ण गुणांची मानावीत.

दोन, निरीक्षण दिसताक्षणी शाईने लिहावे. कच्चा कागद नको, खोडरबर नको. चुकले तर एक आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचे वाचता येईल. ड्यूटी रजिस्टरमध्ये आपण हेच करतो.

तीन, प्रत्येक सराव परीक्षेत एक बाटली यादीबाहेरची असावी. कधी मोरचूद आणि नवसागर यांचे मिश्रण, कधी नुसते ऊर्ध्वपातित पाणी. त्या पाण्यात ज्याला काही सापडणार नाही, त्याला सर्वांसमोर शाबासकी मिळावी.

चार, एकच नमुना दोन कॅडेट्सना वेगवेगळा द्यावा आणि नंतर दोघांची निरीक्षणे समोरासमोर ठेवावीत. जिथे ती जुळत नाहीत तिथे पुन्हा प्रयोग. दोघेही हुबेहूब पुस्तकासारखे बोलू लागले तर सरांनी किपकडे एकदा बघून घ्यावे.

आणि चिठ्ठीचे काय? यंदा ती माझ्यापर्यंत आली, कारण सीनिअर म्हणून ती पुढे देण्याची पाळी माझी होती. मी ती पुढे दिली नाही. काही ज्युनिअर्स नाराज आहेत हे मला माहीत आहे. त्यांच्या जागी मीही नाराज झालो असतो. त्यांना बदल्यात एवढेच सांगतो. बाटली हातात आली की पहिल्या रकान्यात जे दिसते तेच लिहा. तार पिवळी जळाली तर पिवळी लिहा आणि पुन्हा धुवा. वायू मिळाला नाही तर मिळाला नाही असे लिहा.

सरांनी मला तोच सात नंबर डिसेंबरमध्ये पुन्हा दिला. आत काय होते ते चिठ्ठीत नव्हते, कारण बाटल्या बदलल्या होत्या. मला पूर्ण तास लागला आणि एक ग्रुप दोनदा करावा लागला. किप मात्र त्या दिवशी भरलेले होते. मी आधी तोटी उघडून, शिसे ॲसिटेटचा कागद धरून बघितले. कागद काळा पडला. मग पहिली ओळ तीच लिहिली.